फाटक बंद आहे, पूल येतोय!

घर ईस्टला, ऑफिस वेस्टला आणि मधे सहा रूळ. विक्रोळीचा पूल होईपर्यंतची वर्षं मी कशी काढली, त्याचा हा हिशेब. त्यातला सगळाच काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

पार्टी कुठलीही असो, थोड्या वेळाने विषय प्रवासावर येतोच. कोणी विरारचं रडगाणं गातं, कोणी बदलापूरचं. मग प्रत्येकजण आपापले तास मोजतो आणि ज्याचे सगळ्यात जास्त, तो त्या संध्याकाळचा हीरो. माझी पाळी आली की मी शांतपणे सांगायचो, "माझं ऑफिस घराच्या गॅलरीतून दिसतं."

एकदम सन्नाटा. सगळे जाम जळायचे.

आणि हे खोटं नव्हतं, बरं का. विक्रोळी ईस्टला टागोर नगरात मी मामाकडे राहायचो. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत ब्रश करत उभं राहिलं की पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे, एलबीएस मार्गाच्या बाजूच्या काचेच्या इमारती दिसायच्या. त्यातल्याच एकीत माझं क्युबिकल. सकाळच्या उन्हात इमारत अशी चमकायची की वाटावं, हात लांब केला तर पंच करता येईल. दिसायचं सगळं. प्रश्न पोहोचायचा होता.

रस्ते तीन. पहिला रिक्षाचा. विक्रोळीत ईस्टहून वेस्टला वाहन घालायला सरळ रस्ताच नव्हता. स्टेशनला लागून फाटक होतं, कधीकाळी. मामा सांगतो, त्याच्या लग्नाची वरात त्या फाटकावर एवढी अडकली, की बँडवाल्यांनी तिथेच तीन गाणी वाजवून घेतली आणि वर त्याचे वेगळे पैसे मागितले. मी आलो तोपर्यंत वाहनांसाठी ते फाटक उरलं नव्हतं. कोणालाही विचारा, उत्तर एकच, "फाटक बंद आहे, पूल येतोय." म्हणजे रिक्षा एकतर खाली घाटकोपरला न्यायची, नाहीतर वर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या बाजूने फिरवायची. पीक अवरला पाऊण तास नक्की. गॅलरीतून दिसणाऱ्या ऑफिससाठी पाऊण तास! एवढ्यात माणूस ठाण्याहून दादरला पोहोचतो.

दुसरा रस्ता स्टेशनवरच्या पादचारी पुलाचा. चढा, चाला, उतरा. पण सकाळी नऊ-सव्वानऊला लोकलमधून उतरलेला अख्खा लोंढा त्याच जिन्यावर असतो, आणि तुम्ही त्याच्या उलट दिशेने, इस्त्रीचा शर्ट आणि लॅपटॉपची बॅग सांभाळत. पलीकडे उतरेपर्यंत इस्त्रीचं नाव उरत नाही.

तिसरा रस्ता तुम्हाला कोणी सांगत नाही. तो दिसतो. भिंतीत एक भगदाड, त्यातून आत जाणारी पायवाट, आणि खडीवर हजारो चपलांनी गुळगुळीत केलेला पट्टा. पहिल्या दिवशी मी तिथे थबकलो. दुसऱ्या दिवशी एका आजोबांच्या मागून गेलो. तिसऱ्या दिवसापासून माझ्या मागून कोणीतरी येत होतं.

आता मी कुठला, ते सांगायला हवं. मी बिरवाडीचा. महाड एमआयडीसीच्या शेजारचं आमचं गाव. आमच्याकडे रेल्वे नाही. आमचं स्टेशन म्हणजे वीर. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा १९९३ साली सुरू झाला, तेव्हा घरातली मोठी माणसं नुसती इंजिन बघायला वीरला गेली होती म्हणे. गावी जायचं तर दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडायची, वीरला उतरायचं, पुढे मिळेल ते वाहन. थोडक्यात, माझ्या लहानपणात फाटक नाही, सिग्नल नाही, रूळ नाहीत. ओलांडायची गोष्ट एकच, नदी. काळ नदीला पाणी चढलं की पलीकडचं जग बंद. शाळा नाही, बाजार नाही, कामावर दांडी. आई दारात उभी राहायची आणि एकच वाक्य म्हणायची, "पाण्याशी मस्ती नाय." कोणी शहाणा पँट दुमडून निघालाच, तर चार म्हाताऱ्या त्याला ओरडून मागे आणायच्या. थांबण्याची लाज कोणालाच वाटत नसे. पाणी उतरेल तेव्हा जाऊ.

असा मी, २०१७ साली नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात सहा रूळ उड्या मारत ओलांडायला लागलो. कारण काय? पंचिंग साडेनऊचं होतं.

रिक्षा अर्धी, माणूस शून्य

मामाच्या मजल्यावर एक रिटायर्ड रेल्वेवाले काका राहतात. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणं हा त्यांचा टाइमपास. "चाळीस वर्षं बघितल्या, तरी कंटाळा कसा येत नाही?" विचारलं तर म्हणाले, "तेव्हा पगार मिळायचा, आता मजा मिळते." फाटकाचा अख्खा फंडा मला त्यांच्याकडून कळला.

आपल्याला वाटतं, लोकल येते म्हणून फाटक पडतं. खरं तर उलटं. फाटक पडून लॉक झालं तरच लोकलला सिग्नल मिळतो. दोन्ही एकमेकांत गुंतवलेले असतात. फाटक उघडं असेल, किंवा मधे एखादा टेम्पो अडकल्यामुळे पडत नसेल, तर सिग्नल लालच राहतो आणि मागे लोकल उभी. ती उभी म्हणून तिच्या मागची उभी. एका फाटकावर एक रिक्षावाला 'फक्त मी जातो' म्हणून घुसला, की तिकडे हजारो माणसं डब्यात घामाघूम होऊन 'आज परत लेट' म्हणतात. तीन-चार मिनिटांना लोकल, अप आणि डाऊन, स्लो आणि फास्ट, त्यात लांब पल्ल्याच्या गाड्या. अशा मार्गावर फाटक उघडायला फट मिळायचीच कुठून? म्हणून ठाण्याच्या पुढे कळव्याजवळचं खारेगाव फाटक, ठाकुर्लीचं फाटक, ही सगळी जाऊन तिथे पूल आले. खारेगावचा तर २०२२च्या जानेवारीत. दिव्याच्या फाटकाबद्दल मी काही सांगायला नको. मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या नावाने कधी ना कधी बोटं मोडली आहेत.

अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने तर २०१२ साली सांगून टाकलं होतं, देशातली सगळीच फाटकं पाच वर्षांत काढा. खर्चाचा अंदाज पन्नास हजार कोटी. पाच वर्षांत सगळी काही गेली नाहीत. पण ब्रॉडगेजवरची बिनामाणसाची फाटकं २०१९च्या जानेवारीअखेर संपली, ही छोटी गोष्ट नाही.

"पण मग कुठे पूल बांधायचा आणि कुठे नाही, हे ठरवतात कसं?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला. आवडीचा विषय निघाला की ते चष्मा काढतात. "टीव्हीयू," म्हणाले. "दिवसभरात फाटकावरून किती गाड्या जातात, तो आकडा. दिवसभरात रस्त्यावरून किती वाहनं जातात, तो दुसरा आकडा. दोघांचा गुणाकार. एक लाखाच्या वर गेला, की ते फाटक बिझी. मग पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्याने अर्धा-अर्धा करायचा."

हिशेब सोपा. दिवसाला पाचशे गाड्या धरल्या तर दोनशे वाहनांतच लाख होतात. मुंबईतलं कुठलंही फाटक सकाळच्या चहाच्या आत पास व्हावं.

"वाहनांमध्ये काय काय मोजतात?"

"मोटार म्हणजे एक. बैलगाडी एक, टांगासुद्धा एक. रिक्षा अर्धी."

"आणि चालणारा माणूस?"

"तो त्यात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. शून्य."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, नियम करणाऱ्याच्या जागी बसून बघ. ट्रेनला धोका कशाचा, तर वाहनाचा. ट्रक मधे अडकला तर गाडी घसरेल, शेकडो माणसं जातील. चालणाऱ्याने गाडी घसरत नाही. त्याच्यासाठी पादचारी पूल असतो, भुयारी मार्ग असतो, त्याचं खातं वेगळं. मला पटलं. अजूनही पटतं. फक्त त्या दिवसापासून भगदाडातून आत शिरताना मला दर वेळी वाटायचं, आपण रेल्वेच्या वहीत बैलगाडीपेक्षा कमी आहोत.

वहीत नसलो तरी दुसऱ्या एका वहीत ही माणसं असतातच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०१४ साली सुमारे ३४०० माणसं गेली. २०१९पर्यंत हा आकडा सत्तावीसशेच्या आसपास आला. कोणी दारातून पडलं, कोणी खांबाला आपटलं. पण निम्म्याहून जास्त माणसं रूळ ओलांडताना गेली. म्हणजे रोज कोणी ना कोणी, कुठलीतरी पाच मिनिटं वाचवत होतं. १९८९च्या रेल्वे कायद्याचं १४७वं कलम रूळ ओलांडण्याला गुन्हा म्हणतं, दंड आहे, कैदही आहे. ते माहीत असूनही मी जात होतो. मला कधी कोणी पकडलं नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

एक्स-रे

२०२३च्या फेब्रुवारीत आई गुडघे दाखवायला मुंबईला आली. हाडांचे डॉक्टर वेस्टला. अपॉइंटमेंट साडेदहाची, आणि मला बाराला क्लायंट कॉल. मी दोन आठवडे आधी ठरवलं होतं की रिक्षाने नेईन. पण सकाळी आवरता आवरता दहा वाजले. पादचारी पुलाचा जिना बघूनच आई म्हणाली, "एवढा?" आणि एस्कलेटर म्हटलं की तिचे पाय जमिनीला चिकटतात.

मी म्हटलं, "मधूनच जाऊ. दोन मिनिटं. सगळे जातात."

तिने एकदा रुळांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मुलगा रोज इथे राहतो, त्याला कळत असणार. ती निघाली.

पहिले दोन रूळ छान पार पडले. मी तिचा एक हात धरलेला, दुसऱ्या हातात तिची पिशवी आणि एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट. पुढच्या रुळावर ठाण्याकडे जाणारी स्लो लोकल येताना दिसली. मी म्हटलं, थांब, जाऊ दे तिला. आम्ही दोन मार्गांच्या मधल्या खडीवर उभे राहिलो. लोकल आली, डबे सुरू झाले, आणि तेवढ्यात आईने माझा हात इतका घट्ट दाबला की नखं रुतली. मागून, ज्या रुळावरून आम्ही आत्ताच उतरलो होतो, त्यावरून एक एक्स्प्रेस येत होती. पुढे लोकल, मागे एक्स्प्रेस, मधे आम्ही दोघं.

तो आवाज मी सांगू शकत नाही. जमीन हलते, हे कळतं. वारा दोन्हीकडून ओढतो. आईचा पदर सुटून समोरच्या डब्यांच्या दिशेने ताणला गेला आणि मी दोन्ही हातांनी तिला पकडलं. म्हणजे पाकीट सोडलं. आई डोळे मिटून उभी होती, दगडासारखी. काही ओरडली नाही. दारात लटकलेला एक मुलगा आमच्याकडे बघून काहीतरी ओरडला, त्याचं फक्त तोंड दिसलं.

दोन्ही गाड्या गेल्या. सगळं पंधरा-वीस सेकंदांचं असेल. एक्स-रे दोन रुळांच्या मधे खडीवर पडला होता, उन्हात आईच्या गुडघ्याची हाडं निळी दिसत होती. मी घ्यायला वाकलो, तर ती पहिल्यांदा बोलली. "राहू दे तो."

डॉक्टरांनी एक्स-रे मागितला. आई म्हणाली, "वाऱ्याने उडाला." डॉक्टर हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. त्यांनी नवीन काढायला सांगितला. माझा क्लायंट कॉल मी खाली केमिस्टच्या पायरीवर बसून घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की हात थरथरतोय म्हणून म्यूटचं बटणच दाबता येत नाहीये.

येताना घाटकोपरवरून रिक्षा केली. आई सगळा वेळ मीटरकडे बघत होती. घाटकोपर सोडल्यावर तिने विचारलं,

"रोज असाच जातोस?"

"नाही गं."

"खोटं नको बोलू."

मी गप्प. थोड्या वेळाने ती बाहेर बघत म्हणाली, "काळला पाणी असलं तर घरात बसायचास की रे बाबू. कोणी सांगाया नाय लागायचं."

त्यावर मला आजही उत्तर नाही. नदीला घाबरणं मला गावाने शिकवलं होतं, आणि मुंबईने तीन दिवसांत ते विसरायला लावलं. मुंबईने कसलं, मीच विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून मी पादचारी पुलाने जायला लागलो. फार मोठा त्याग वगैरे नाही, पंधरा मिनिटं आधी निघावं लागतं, एवढंच. आई गावी परतली आणि रोज सकाळी सव्वानऊला तिचा मिस्ड कॉल यायला लागला. मी उलट फोन करायचा, ती विचारणार, "पोचलास?" मी म्हणणार, "पोचलो." फोन बंद. रविवारीही यायचा. तिला म्हटलं, आज सुट्टी आहे, तर म्हणाली, "मग काय झालं."

पूल कुठे अडतो?

या काळात पूल तयार होतच होता. २०१८ साली त्याचं काम हाती घेतलं गेलं, आणि मी गॅलरीतून त्याचे खांब वर येताना बघत होतो. मधे करोना आला, खांब तसेच उभे राहिले. मग कधीतरी एखाद्या रात्री मोठ्या क्रेन यायच्या, सगळीकडे फ्लडलाइट, आणि सकाळी उठून बघावं तर रुळांवर नवा गर्डर. काका मात्र रात्रभर जागे. "ब्लॉक होता काल," असं म्हणताना त्यांचा चेहरा मॅच जिंकल्यासारखा असायचा.

आम्ही महाडकर पुलांच्या बाबतीत जरा हळवे असतो. महाड-पोलादपूर हायवेवरचा सावित्रीचा जुना दगडी पूल, १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसट्या आणि इतर वाहनांतली माणसंही. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणाच्या घरात टीव्ही बंद नव्हता आणि कोणी जेवणावर नीट बसलं नव्हतं. पण त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला. ५ जून २०१७ला तो सुरू झाला. त्यामुळे मी काकांना दर महिन्याला टोमणा मारायचो, आमच्याकडे एवढी मोठी नदी १६५ दिवसांत ओलांडली, तुम्हाला सहा रूळ ओलांडायला किती वर्षं?

काकांनी एक दिवस पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कोपऱ्यात मला उत्तर काढून दाखवलं. नदीवर काम करताना नदी वेळापत्रक घेऊन येत नाही. रुळांवर काम म्हणजे रात्री गाड्या थांबतील तेवढे दोन-तीन तास. ओव्हरहेड वायरमध्ये पंचवीस हजार व्होल्ट, ते बंद करायचे, गर्डर चढवायचा, परत चालू करायचे, आणि पहिली लोकल वेळेवर सोडायची. एक तास उशीर झाला तर सकाळी तुम्हीच शिव्या देणार.

दुसरी गोष्ट उंचीची. विजेवरच्या मार्गावर रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळी जागा सोडावी लागते. त्यावर गर्डरची जाडी. म्हणजे रस्ता जाणार आठ मीटरच्या आसपास. बसला आणि ट्रकला चढता यावं म्हणून तीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा उतार धरला, तर आठ मीटरसाठी दोनशे चाळीस मीटर लागतात. एका बाजूला. तेवढेच दुसऱ्या बाजूला. विक्रोळीच्या पुलाची एकूण लांबी ६१५ मीटर आहे. त्यातला रुळांवरचा भाग जेमतेम पन्नास मीटर. बाकी सगळा नुसता चढ आणि उतार. आणि हे चढ-उतार येतात कुठे? दाट वस्तीत. कोणाच्या दुकानावर, कोणाच्या दारासमोर, कोणाच्या खिडकीला खेटून.

तिसरी गोष्ट मालकांची. रुळांवरचा तुकडा रेल्वेचा, बाकीचा महापालिकेचा. दोन कंत्राटं, दोन नकाशे, दोन परवानग्यांच्या फायली. दोन घरच्या माणसांनी मिळून एक लग्न करायचं म्हणजे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. अंधेरीत गोखले पुलाची पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाली आणि अख्ख्या मुंबईने बघितलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्या कितीतरी खाली राहिलाय. दोन पूल, समोरासमोर, आणि मधे माणूसभर उंचीचा फरक! आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्या दिवशी दुसरं काही आलंच नाही. पुढे काही महिन्यांनी ते जोडले गेले, पण जोक राहिले.

काकांचं गणित बरोबर होतं. मी फक्त त्यांच्या पेन्सिलने त्याच कोपऱ्यात अजून एक गणित केलं. रूळ सरळ ओलांडायला अर्धं मिनिट. पादचारी पुलाने गर्दीत सात-आठ मिनिटं. नव्या पुलावरून चालत ६१५ मीटर, वर तो चढायला त्याच्या टोकापर्यंत जायचं आणि उतरल्यावर परत यायचं. स्टेशनच्या दोन बाजूंना राहणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं तरी. फाटकामुळे होणारा ट्रेनचा उशीर पुलाने गेला. वाहनांचा पाऊण तास गेला. शून्य मार्कवाल्याचं गणित जिथे होतं तिथेच राहिलं. आणि फाटक बंद झाल्यापासून पूल होईपर्यंतची सगळी वर्षं भगदाडातून जे जात होते, ते कोण? त्यात मोटारवाले फार थोडे.

काकांनी ते गणित बघितलं, चष्मा घातला आणि म्हणाले, "हं." आवडीचा विषय संपला की ते चष्मा घालतात.

पाच मिनिटांत वेस्ट!

१४ जून २०२५, शनिवार. दुपारी चारच्या सुमाराला पूल खुला झाला. उद्घाटनाचा मोठा समारंभ नाही, फीत नाही, एकदम वाहनं सोडली. एवढ्या वर्षांची सवय, त्यामुळे आम्हाला खरंच वाटेना. सुमारे एकशे पाच कोटींचा पूल असा गुपचूप सुरू होतो? मामाने स्कूटर काढली, मामीला मागे बसवलं आणि विनाकारण वेस्टला जाऊन परत आला. घरी येऊन घड्याळ दाखवत म्हणाला, "पाच मिनिटं! आमच्या वरातीला पंचवीस लागली होती." पुढचे चार दिवस टागोर नगरात जो भेटेल तो आपला टायमिंग सांगत होता.

मीही सांगत होतो. पूल सही झालाय, त्यात वादच नाही. रात्री उशिरा कॉल संपला की रिक्षाने मी झोप यायच्या आत घरी असतो. अँब्युलन्सला घाटकोपरला जावं लागत नाही. पावसात रिक्षावाला 'वेस्ट?' ऐकून तोंड फिरवत नाही. या गोष्टी छोट्या नाहीत, आणि ज्यांनी रात्र-रात्र जागून तो बांधला त्यांना सलाम.

दिवाळीनंतर भातकापणी आटपून आई आली. मी तिला खास रिक्षात घालून पुलावरून नेलं. पुलाच्या मध्यावर ती डावीकडे वळून खाली बघत होती. रूळ, खांब, एक लोकल अगदी खालून गेली. "आवाज येत नाय वर," ती म्हणाली. मग पलीकडे उतरल्यावर तिने विचारलं,

"चालणारी माणसं कुठनं जातात?"

"स्टेशनवरून. जिना आहे ना, तो."

"तू?"

"मीपण."

"दाखव."

तिचे गुडघे आता बरे आहेत, पण जिना म्हणजे जिना. एक पाय टेकवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग थांबायचं. दुपारची वेळ होती, गर्दी कमी होती. आम्ही वर पोहोचलो. मधोमध आल्यावर ती कठड्याला धरून थांबली, दम घ्यायला. खाली सहाही रूळ ऊन पडून चकचकत होते.

एक मुलगा रुळांवर उतरला. विशीतला असेल, पाठीला बॅग, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. पहिला रूळ, दुसरा रूळ, डावीकडे न बघता.

"ए बाबू!" आई ओरडली. शेतातून बांधावर हाक मारावी तशी, अख्ख्या पुलावरच्या लोकांनी वळून बघितलं.

त्याने बघितलं नाही. कानात इअरफोन होते. तिसऱ्या रुळावर तो जरा थांबला, खिशातून मोबाइल काढून वेळ बघितली आणि पुढे निघाला. तो पलीकडे भिंतीतून बाहेर पडेपर्यंत आईने कठडा सोडला नाही.